अष्ठीला कर्करोग : आहार व व्यायाम

मूत्राशयाखाली मूत्रमार्गाला वेढून असणाऱ्या अष्ठीला ग्रंथीचा, म्हणजे रुग्णालयांत प्रॉस्टेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथीचा, कर्करोग प्रामुख्याने उतारवयात होतो आणि पुष्कळदा सावकाश वाढतो. त्यामुळे निदानानंतर अनेक रुग्ण दीर्घकाळ जगतात आणि त्या काळात त्यांना कर्करोगाइतकाच धोका हृदयविकार, मधुमेह व अस्थिभंग यांचा असतो. या रोगातील आहार-व्यायामाचा विचार मुख्यतः या दुसऱ्या धोक्याशी निगडित असून तो उपचारांना पर्याय ठरत नाही.

या धोक्याचे एक कारण खुद्द उपचारांतच आहे. या कर्करोगाची वाढ टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनावर अवलंबून असते, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवून दिले आणि त्या कार्यासाठी त्यांना 1966 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. वृषणे काढून टाकून किंवा, आता बहुतेक ठिकाणी, इंजेक्शने व गोळ्या देऊन हे हॉर्मोन दाबणे हा शरीरात पसरलेल्या रोगावरील मुख्य उपचार आहे. परंतु स्नायू आणि हाडे राखण्याचे कामही हेच हॉर्मोन करत असल्याने ते दाबताच स्नायू झिजतात, पोटावर चरबी साठते, इन्शुलिनाचा प्रभाव घटून रक्तातील साखर वाढू लागते, अस्थिविरलता म्हणजे हाडांची घनता कमी होऊन ती ठिसूळ होणे सुरू होते आणि विश्रांती घेऊनही न जाणारा थकवा येतो. हा थकवा वयाचा म्हणून घरोघरी दुर्लक्षिला जातो, ते योग्य नाही.

या थकव्यावर विश्रांतीपेक्षा व्यायामच अधिक उपयोगी पडतो. कॅनडातील रोआन सेगल व सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत हॉर्मोन-उपचार घेणाऱ्या 155 पुरुषांपैकी ज्यांनी 12 आठवडे, आठवड्यातून तीनदा, वजने उचलण्याचा व्यायाम केला, त्यांचा थकवा इतरांच्या तुलनेत कमी झाला व ताकद वाढली. पर्थ येथील डॅनियल गॅल्व्हाओ व रॉबर्ट न्यूटन यांच्या 2010 मधील चाचणीत या व्यायामाला दमश्वासाच्या व्यायामाची जोड दिल्यावर स्नायूंचे वस्तुमानही वाढले. आठवड्याला सुमारे 150 मिनिटे झपझप चालणे व दोन दिवस वजनांचा किंवा रबरी पट्ट्यांचा व्यायाम हे प्रमाण सर्वसाधारणपणे सुचवले जाते. नुसते फिरायला जाणे स्नायू टिकवण्यास पुरेसे पडत नाही. रोग हाडांत उतरला असल्यास मात्र बाधित भागावर ताण देणारे व्यायाम टाळून उरलेले व्यायाम तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावे लागतात. ग्रंथी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी गळत असल्यास ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सैल सोडण्याचा व्यायाम शिकवतात. तो आर्नल्ड केगेल यांनी 1948 मध्ये मुळात स्त्रियांसाठी मांडला होता.

आहाराबाबतचा पुरावा इतका भक्कम नाही. तातडीने उपचार न करता ठरावीक तपासण्यांनी रोगावर नजर ठेवली जात असलेल्या 478 पुरुषांवर झालेल्या व 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत भाजीपाला वाढवूनही दोन वर्षांत रोगाची वाढ रोखली गेली नाही. तरीही कडधान्ये, भाज्या, फळे आणि अखंड धान्ये यांवर भर देणारे जेवण हृदय व वजन यांसाठी हितकारक असल्याने तेच सुचवले जाते. स्नायूंसाठी पुरेशी प्रथिने आणि हाडांसाठी कॅल्शियम व ड जीवनसत्त्व आवश्यक असतात; महाराष्ट्रीय आहारातील नाचणीत 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. टोमॅटोतील लायकोपीन या रंगद्रव्याचा बराच गाजावाजा झाला, पण त्याने हा रोग आटोक्यात येतो असे सिद्ध झालेले नाही.

सर्वांत मोठा धडा पूरक गोळ्यांबाबत मिळाला. ई जीवनसत्त्व व सेलेनियम हे खनिज यांनी हा कर्करोग टळेल या अपेक्षेने 35,000 हून अधिक निरोगी पुरुषांवर सुरू झालेल्या चाचणीतील गोळ्या लाभ न दिसल्याने 2008 मध्ये बंद कराव्या लागल्या आणि 2011 मध्ये हाती आलेल्या निष्कर्षांनुसार केवळ ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हा कर्करोग 17 टक्के अधिक आढळला. म्हणून ‘शक्तिवर्धक’ म्हणून विकली जाणारी कोणतीही गोळी रुग्णाने उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.