दोन असुर, एक हिरा आणि काचेची बांगडी

रत्नांविषयी मराठीत दोन प्रकारचे लेखन उदंड आहे. कोणत्या बोटात कोणता खडा घालावा, हा पहिला प्रकार; कोहिनूर नेमका कुणाचा, हा दुसरा. या धाग्यात मी तिसरा प्रश्न घेते आहे. दागिन्यातल्या खड्याला अर्थ येतो तरी कुठून? आणि त्यासाठी जायचे आहे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला, जिथे रत्नांची खाण मुळीच नाही.

लोणारचे विवर उल्कापाताने झाले, हे आपण शाळेतच शिकतो. गावातली कथा वेगळी आहे. लवणासुर नावाचा दैत्य या खळग्यात दडून राहत असे. विष्णूने त्याचा वध केला; त्याचे रक्त म्हणजे सरोवराचे पाणी आणि त्याचे मांस म्हणजे काठावर साचणारा क्षार. चालुक्य-यादव काळातले तिथले दैत्यसूदन मंदिर याच विष्णूचे. (जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा ही कथा पुन्हा अनेकांच्या ओठी आली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण दिले ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे.)

आता गरुडपुराणातली एक कथा या कथेशेजारी ठेवून पाहा. बल नावाचा असुर देवांच्या यज्ञात पशू होऊन मरण पत्करतो. त्याच्या अस्थींचे हिरे होतात, दातांचे मोती, रक्ताची माणके, पित्ताचे पाचू, डोळ्यांचे इंद्रनील. त्याची आरोळीसुद्धा वाया जात नाही. तिचे वैडूर्य होते. बुद्धभट्टाच्या ‘रत्नपरीक्षा’ या ग्रंथाचा आरंभही याच कथेने होतो.

दोन्हीकडे घडते ते एकच: असुर मरतो आणि त्याच्या देहाचे खनिज होते. फरक पुढे आहे. बलाच्या देहातून निघालेल्या वस्तू राजांच्या कोशात गेल्या. लवणासुराच्या देहातून निघालेला क्षार कुठे गेला, ते थोड्या वेळाने पाहू.

आधी राजांचा कोश. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील ‘बृहत्संहिते’त रत्नांवर स्वतंत्र अध्याय आहेत. हिरे कुठे सापडतात, याच्या यादीत वेणा नदीचे तीर आहे आणि शूर्पारक, म्हणजे आपले सोपारा, हेही आहे. त्यापुढे मात्र खनिजशास्त्र थांबते आणि समाजशास्त्र सुरू होते. पांढरा हिरा ब्राह्मणाचा, खड्गासारखा काळा शूद्राचा. पुत्राची इच्छा असणाऱ्या स्त्रीने हिरा घालूच नये, असे काहींचे मत वराहमिहीर नोंदवतो. कार्बनच्या स्फटिकाला वर्ण आणि लिंगभेद चिकटवण्याचे हे काम किती बारकाईने केले आहे, ते मुळातून वाचण्यासारखे आहे. माणिक सूर्याचे, मोती चंद्राचा, नीलम शनीचा ही आज सर्वांना पाठ असलेली नवग्रहांची जोडी मात्र वराहमिहिराच्या या अध्यायांत नाही. ती नंतरच्या ग्रंथांनी बसवली.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त रत्नपरीक्षा येते ती कोशाच्या, म्हणजे खजिन्याच्या, प्रकरणात. ही जागा बोलकी आहे. रत्न हे आधी राज्याचे धन आणि सत्तेची खूण, सौंदर्य त्यानंतर.

चार शतकांनी अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करतो. त्यात आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख आहे. त्याच वर्णनात लोणारही आहे. ब्राह्मण या स्थानाला विष्णुगया म्हणतात, तो लिहितो, आणि काच व साबण करण्याचे साहित्य इथे मिळते. हिरा आणि काच, दोन्ही एकाच सुभ्याच्या हिशेबात.

काचेला लोणारचा क्षार कशासाठी? नुसती वाळू वितळवायची तर सुमारे १,७०० अंश सेल्सिअस उष्णता हवी. तेवढी देणे जुन्या भट्ट्यांच्या आवाक्याबाहेरचे. सोडा मिसळला की वाळू पुष्कळ कमी उष्णतेवर वितळते. लोणारच्या पाण्यात हाच सोडा भरपूर आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर क्षाराचे थर उरत, ते गोळा केले जात. डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्याच्या प्रकारांची नावे इंग्रजी अमदानीतल्या नोंदींत भेटतात. लवणासुराचे मांस गेले ते इथे: भट्टीत, आणि भट्टीतून बायकांच्या मनगटावर.

संस्कृत सुभाषितकारांनी काचेची फार हेटाळणी केली. मण्याशेजारी काच म्हणजे विद्वानाशेजारी मूर्ख, हा त्यांचा आवडता दाखला. भाषेने मात्र वेगळा निकाल दिलेला दिसतो. विदर्भात बांगड्या विकणाऱ्याला मणियार म्हणतात. हा शब्द ‘मणिकार’ या शब्दावरून आला, म्हणजे रत्नांचे काम करणारा. रत्नकाराचे नाव काच विकणाऱ्याकडे आले आणि तिथेच राहिले.

अर्थाचे वजन तपासायला मला याहून चांगला काटा ठाऊक आहे. माझ्या आजीसमोर ‘बांगडी फुटली’ म्हणायची सोय नव्हती. ‘वाढवली’ म्हणायचे. मंगळसूत्र तुटत नाही, तेही वाढते. अंगठीतला हिरा पडला तर आपण ‘हिरा पडला’ असे सरळ म्हणतो. ज्या वस्तूचा नाश उच्चारायला जीभ कचरते, ती वस्तू त्या समाजात खरी मोलाची. मंगळसूत्रातले काळे मणी, हिरवा चुडा, सगळी काच. सराफ तिचे मोल धरत नाही.

पण हा अर्थ काही केवळ हळवा नाही. ज्या काचेने सौभाग्य सांगितले, तिनेच वैधव्यही सांगितले. पतीच्या मृत्यूनंतर बायकांच्या हातातल्या बांगड्या इतर बायकांनी फोडायच्या, आणि त्या वेळी ‘वाढवणे’ हा शब्द कुणाला आठवत नसे. वराहमिहिराने हिऱ्यावर घातलेला नियम ग्रंथात राहिला. काचेवरचा नियम मनगटावर चालला.

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने ठराव केला: विधवेच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्यास सांगितले.