हातांविना प्रवास

मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएस-संकेतांत मुद्दाम राखलेली चूक काढून टाकली. त्याच महिन्यात ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर यांनी एक डबा दडवला आणि जिओकॅशिंगचा खेळ जन्मला. पुढे त्यात क्रमांक कोरलेले बिल्ले आले; ते एका डब्यातून दुसऱ्यात हातोहात फिरतात. २००८ मध्ये रिचर्ड गॅरियट यांनी असा बिल्ला अंतराळ स्थानकावर नेला. २०२१ मध्ये ‘पर्सिव्हरन्स’बरोबर एक चकती मंगळावर उतरली. ‘शेरलॉक’ उपकरणाच्या मापनफलकावरील ही चकती शिरस्त्राणाच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटची. फलकावर शेरलॉक होम्सचा बेकर स्ट्रीटचा पत्ताही आहे. ती उचलून पुढे नेणारा हात तिथे नाही. छायाचित्रांतून तिचा क्रमांक वाचणे, एवढेच उरते. हातोहात चालणारा खेळ असा वाचनाचा झाला. मुळात केवळ कथेत असलेला पत्ता म्हणूनच तिथे शोभतो.