बडा शिमल्याचा मणका

मराठी मंडळी जबलपुरास येतात ती भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहावयास. छावणीलगतच्या बडा शिमला या बुटक्या टेकडीकडे सहसा कोणी वळत नाही आणि वळावे असे तिचे रूपही नाही. परंतु १८२८ साली याच परिसरात कॅप्टन विल्यम स्लीमन यास दगड झालेले मणके सापडले. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून इतिहास त्यास ओळखतो. त्याला जीवाश्म जमविण्याचाही नाद होता. दगड झालेली झाडेही त्याला याच भागात आढळली.

हे मणके कोणत्या प्राण्याचे, हे सांगण्याची तेव्हा सोयच नव्हती. ‘डायनोसॉर’ या नावाचे मूळ रूप रिचर्ड ओवेनने घडविले ते १८४२ त. पण त्याहून मोठी उणीव निराळीच होती. झाडाचे लाकूड आणि जनावराचे हाड ही दोन्ही मुळात पेशींचीच कामगिरी, हे अद्याप सिद्ध व्हावयाचे होते. रॉबर्ट हूकने १६६५ त बुचाच्या कापात पोळ्यासारखे कप्पे पाहिले होते खरे. पण ती मेलेल्या पेशींची रिकामी घरे होती. वनस्पतींविषयी श्लायडेनने १८३८ त आणि प्राण्यांविषयी श्व्हानने १८३९ त पेशीसिद्धान्त मांडला. पेशी पेशीपासूनच उपजते, हे सूत्र पुढे १८५५ त फिरखोने पुढे ठेवले. लेख स्लीमनच्या हाती आधी आला. तो वाचण्याची लिपी दहा वर्षांनी तयार झाली.

ही लिपी दगडात टिकते तरी कशी? गाडल्या गेलेल्या लाकडात सिलिका विरघळलेले पाणी झिरपते. पेशीतले जीवद्रव्य लवकर नष्ट होते, भित्तिका मात्र चिवट असते. कप्प्याकप्प्यांत सिलिका साचत जाते आणि लाकडाची वीण दगडात उमटते. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलां येथे मिळालेल्या अशाच अश्मीभूत फळांचा अभ्यास बिरबल सहानी यांनी केला होता.

हाडाची गोष्ट मला अधिक विलक्षण वाटते. अस्थिपेशी स्वतःभोवती कॅल्शियमच्या क्षारांची भिंत रचते आणि आपणच तीत कोंडली जाते. शेजारणीशी तिचा संबंध उरतो तो केसाहून बारीक नलिकांतून. अन्न मिळते तेही त्याच वाटेने. पुढे पेशी मरते, पण तिची कोठडी राहते. डायनोसॉरच्या हाडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की या कोठड्या आणि रक्तवाहिन्यांचे मार्ग दिसू शकतात. प्राणी झपाट्याने वाढला की सावकाश, याचाही अंदाज त्यांवरून बांधतात.

स्लीमनचे मणके येथील डॉक्टर स्पिल्सबरींकडून १८३२ त कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेपकडे गेले. १८७७ त रिचर्ड लिडेकरने त्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव ठेवले. आजचे तज्ज्ञ त्या नावावर फारसे खूष नाहीत, तो भाग वेगळा. मग मणक्यांचा ठावठिकाणाच लागेना. माझी निम्मी हयात सरकारी दप्तरांत गेली असल्यामुळे याचे मला नवल वाटत नाही. चिठ्ठी सुटली, की डोळ्यांपुढची वस्तूदेखील हरवते. २०१२ त धनंजय मोहबे आणि शुभाशिष सेन यांना कोलकात्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात त्यांतला एक मणका पुन्हा सापडला. चिठ्ठी निसटली होती, पण जुन्या वर्णनाशी आणि चित्राशी मणका ताडून पाहता आला.

नर्मदेवरील लामेटा घाटाने ज्या खडकांस नाव दिले, तेच सुमारे साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचे थर या टेकडीतही आहेत. त्यांतील चुनखडीत १९८० नंतरच्या दशकात अशोक सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना डायनोसॉरची अंडी मिळाली. प्रत्येक अंड्याच्या बलकाचा गोळा आरंभी एकच पेशी होता. टेकडीच्या उतारावर आज पावसाळ्यानंतर गवत माजते आणि पायवाट त्या चुनखडीवरूनच जाते.