२३९वी धाव

डिसेंबर १९४८, पुणे. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांच्या ४५२ धावांच्या जागतिक विक्रमाची बरोबरी अवघ्या नऊ धावांवर आली असताना काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडला. ही कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे आणि ती नेहमी हुकलेल्या नऊ धावांची कथा म्हणूनच सांगितली जाते. या थ्रेडमध्ये तीच खेळी स्पर्धेच्या नियमांच्या बाजूने पाहू.

रणजी करंडक तेव्हा बाद पद्धतीने खेळला जाई. विभागवार साखळी सामने १९५७-५८ पासून आले. एक पराभव झाला की मोसम संपला. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जाई. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला होता. म्हणजे महाराष्ट्राच्या २३९व्या धावेबरोबर पुढच्या फेरीचे दार किलकिले झाले आणि त्यानंतर फलंदाजी जितकी लांबेल तितकी प्रतिस्पर्ध्याची वाट अरुंद होणार होती. मग डाव घोषित करण्याची घाई कोणी का करावी?

अशा व्यवस्थेत संघाच्या मुख्य फलंदाजाने कोणते फटके निवडावेत? निंबाळकरांच्या खेळीत ४९ चौकार आहेत, षटकार मात्र एकच. उरलेल्या २४१ धावा त्यांनी पळून काढल्या. चेंडू जमिनीलगत ठेवणाऱ्या फलंदाजाचा हा हिशेब आहे, असे मला वाटते. पण याला रटाळपणा समजू नये : ४९४ मिनिटांत ४४३ धावा, म्हणजे तासाला सुमारे ५४. कमल भांडारकरांबरोबर (२०५) दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी झाली आणि संघाची धावसंख्या ४ बाद ८२६ वर पोहोचली. गोलंदाजी दुबळी होती, हे मान्य. तरीही प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये चारशेचा टप्पा ओलांडणारे भारतीय फलंदाज ते एकटेच. आणि त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. ठाकूरसाहेबांच्या वागण्यात खिलाडूवृत्ती नव्हती. पण निकाल केव्हाच लागलेला होता, हेही त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे.

नियम खेळाडूचा हात कसा वळवतो, याचे याच काळातील दुसरे उदाहरण अमेरिकी बास्केटबॉलमध्ये सापडते. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला १९-१८ असे हरवले. समोर जॉर्ज मायकनसारखा उंचापुरा खेळाडू असल्याने पिस्टन्सने चेंडू बास्केटकडे फेकण्याऐवजी नुसता हातात खेळवत ठेवला. लेकर्सच्या १८ गुणांपैकी १५ एकट्या मायकनचे होते. अखेर १९५४ मध्ये २४ सेकंदांत चेंडू फेकण्याचे बंधन आले.

रणजीत असे कोणतेही घड्याळ नव्हते. त्याचे टोक त्याच मोसमात, मार्च १९४९ मध्ये, पुण्यातच दिसले. उपांत्य सामन्यात मुंबईने ६५१ धावा केल्या, महाराष्ट्राने ४०७. २४४ धावांची आघाडी हाती असूनही मुंबईने पुन्हा ८ बाद ७१४ पर्यंत फलंदाजी केली! महाराष्ट्राने दुसऱ्या डावात ६०४ धावा करूनही सामना ३५४ धावांनी गमावला. एका सामन्यात २३७६ धावा आणि नऊ शतके. प्रथम श्रेणीतील हा धावांचा उच्चांक आजही अबाधित आहे.

जाता जाता एक गोष्ट. या ‘महाराष्ट्रा’त आपले शहर नव्हते. निंबाळकरांच्या खेळीच्या तीनच महिने आधी, १७ सप्टेंबरला, मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला होता आणि १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यातच राहिला. पुढे चित्र पालटले. जानेवारी २०१४ मध्ये वानखेडेवर मुंबईविरुद्ध उपांत्यपूर्व सामना खेळणाऱ्या महाराष्ट्राच्या संघात आपल्या शहराचा अंकित बावणे होता आणि जालन्याचा विजय झोलही. पहिल्या डावात १२२ धावांनी मागे पडल्यामुळे या वेळी तोच जुना नियम महाराष्ट्राच्या विरुद्ध होता. अनिर्णित सामना म्हणजे घरची वाट. दुसऱ्या डावात मुंबई १२९ धावांत गडगडली आणि २५२ धावांचे लक्ष्य केदार जाधव (नाबाद १२०) व झोल (नाबाद ९१) यांनी दोनच गडी गमावून गाठून दिले. पुढे बंगालला हरवून महाराष्ट्र अंतिम सामन्यात पोहोचला. तिथे कर्नाटक भारी पडले.