साउथडेल सेंटर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिस शहरालगतच्या ईडायना उपनगरातील विशाल व्यापारी संकुल. संपूर्ण आच्छादित आणि बारमाही वातानुकूलित अशा उपनगरी बाजारपेठांचा हा आद्य नमुना असून ८ ऑक्टोबर १९५६ रोजी तो ग्राहकांस खुला झाला.

मिनिआपोलिस येथील डेटन या पेढीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्चाच्या या संकुलाचा आराखडा व्हिक्टर ग्रुएन याजकडे सोपविला. ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा. ऑस्ट्रिया नाझी अंमलाखाली गेल्यावर १९३८ मध्ये त्याने देशत्याग केला होता. मिनेसोटातील कडक हिवाळा आणि उन्हाळा वगळता सुखाने खरेदी करण्याजोगे दिवस वर्षातून जेमतेम १२६ उरतात, असा हिशेब मांडून त्याने दुकानांची तोंडे रस्त्याऐवजी एका आच्छादित चौकाकडे वळविली, आणि त्या चौकात झाडे, मत्स्यकुंड, पक्ष्यांचा उंच पिंजरा व हॅरी बर्टोइया याची धातुशिल्पे योजिली. इमारत दुमजली, परंतु वाहनतळाची पातळी अशी राखली की गिऱ्हाइकाला दोन्ही मजल्यांवर थेट बाहेरूनच शिरता यावे, आणि वरच्या गाळ्याचा भाडेकरू खालच्याच्या तुलनेत नुकसानीत राहू नये. मालाच्या गाड्या तळघरातून ये-जा करीत. डेटनने डोनाल्डसन या आपल्या प्रतिस्पर्ध्यासही त्याच छताखाली जागा दिली, हे त्या काळी धाडसच होते. अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ फ्रँक लॉइड राइट याला मात्र हा चौक मुळीच रुचला नाही.

ग्रुएनच्या मूळ योजनेत बाजार हा केवळ गाभा होता. त्याभोवती घरे, शाळा, वैद्यकीय सेवा आणि उद्यान यांची वस्ती त्याला अभिप्रेत होती. ती त्याच्या कल्पनेप्रमाणे साकारली नाही. भोवती पसरले ते मोटारींचे पटांगण. अशा बाजारपेठांचे पितृत्व त्याने १९७८ मध्ये जाहीरपणे नाकारले, यात नवल नाही. डेटनने मात्र १९६२ मध्ये स्वस्त विक्रीची टार्गेट ही दुकाने काढून दुसरीच वाट धरली, आणि पुढे मूळ पेढीपेक्षा तीच मोठी झाली.

डेटनचे नवे, मोठे दुकान १९९० च्या सुमारास बांधले गेले व जुन्या इमारतीत लहान गाळे काढण्यात आले. १९९२ मध्ये नजीकच्या ब्लूमिंग्टन येथे मॉल ऑफ अमेरिका सुरू झाल्याने गिऱ्हाईक विभागले. एकविसाव्या शतकात मोठी विभागीय दुकाने मंदावली, तेव्हा मालकांची दृष्टी ओस पडू लागलेल्या वाहनतळाकडे वळली. २०१४ च्या सुमारास तेथे सदनिका उभ्या राहिल्या, आणि जे. सी. पेनी या बंद पडलेल्या दुकानाच्या जागी २०१९ च्या अखेरीस व्यायामशाळा व भाड्याच्या सामायिक कचेऱ्या असलेली नवी वास्तू आली. ग्रुएनने मागितलेली वस्ती अशी अर्धशतकाने अंशतः आली खरी, परंतु ती नगररचनेच्या आग्रहापेक्षा भाडेवसुलीच्या हिशेबाने आली.