न शिकवणारे विद्यापीठ

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी कायद्याने स्थापन झाले, आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षे त्याने स्वतः कोणाला काही शिकवले नाही. वर्ग नाहीत, प्राध्यापक नाहीत. सुरुवातीला कचेरीसुद्धा टाउन हॉलमध्ये. काम एकच: परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची.

या रीतीचे कूळ लंडनच्या एका भांडणात आहे. तिथे १८२६ साली धर्माची अट नसलेले कॉलेज निघाले. त्याला उत्तर म्हणून चर्चच्या कैवाऱ्यांनी १८२९ मध्ये किंग्ज कॉलेज काढले. मग पदवी देण्याचा अधिकार कोणाचा? सरकारने १८३६ मध्ये तोड काढली: शिकवावे दोघांनी, पदवी तिसऱ्याने द्यावी. तो तिसरा म्हणजे लंडन विद्यापीठ.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने हाच नमुना हिंदुस्थानासाठी निवडला. इथेही सरकारी आणि मिशनरी संस्था शेजारी शेजारी होत्या, त्यामुळे धर्माला हात न लावणारी परीक्षा सोयीची होती. शिवाय खर्च कमी. एल्फिन्स्टन, ग्रँट मेडिकल आणि पुण्याचे कॉलेज आधीच चालू होते. त्यांच्यावर परीक्षेची सत्ता बसवली की झाले.

कारभारही त्याच बेताचा. कुलपती मुंबईचे गव्हर्नर. पहिले लॉर्ड एल्फिन्स्टन. कुलगुरुपद दोन वर्षांचे आणि बिनपगारी. पहिले सर विल्यम यार्डली हे सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश, म्हणजे कोर्टातून वेळ काढून विद्यापीठ पाहणारे. त्यांच्याखाली फेलोंची सिनेट आणि रोजचा कारभार हाकणारे सिंडिकेट. फेलोंमध्ये जगन्नाथ शंकरशेटही होते. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. १८६२ मध्ये पहिले चार बी.ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८७८ मध्ये ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर पूर्ण झाला. विद्यापीठाला मनोरा मिळाला, वर्ग मात्र नाहीच.

गंमत अशी की मुंबईने नमुना उचलला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, लंडनने परीक्षेसाठी ठरलेल्या कॉलेजात शिकल्याची अट बहुतेक परीक्षांपुरती काढून टाकली. इथे मात्र संलग्नतेचे जाळे कराचीपासून धारवाडपर्यंत पसरले. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना शिकवण्याची मुभा दिली, तरी मुंबईत समाजशास्त्राचा विभाग उघडून पॅट्रिक गेडिस यांना आणायला १९१९ उजाडले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ निघाले, तेही संलग्न कॉलेजे घेऊनच.

लंडनमधली दोन कॉलेजांपुरती तडजोड आपल्याकडे अशी कायमची व्यवस्था झाली. म्हणूनच निकाल लांबला की विद्यार्थी विद्यापीठावर मोर्चा नेतात. वर्षभर तास झाले नाहीत, तर सहसा कोणी तिकडे फिरकत नाही.