तारेचे आकडे आणि मशीनचे मॅक्रो

पूर्वी लग्नाला जाणे जमले नाही की आम्ही तार करायचो. तार ऑफिसात शुभेच्छांच्या ठरलेल्या वाक्यांची यादी असे, प्रत्येक वाक्याला एक आकडा. आपण नुसता आकडा लिहून द्यायचा, पलीकडे त्याचे पूर्ण वाक्य व्हायचे. पैसे वाचायचे. यादी दोन्हीकडे सारखी होती, म्हणून हे चालले. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली आणि हे सगळे विसरूनही गेलो होतो. परवा भोसरीत आठवले.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे तिथल्या एमआयडीसीत वर्कशॉप आहे. चाकणकडच्या गाड्यांना लागणारे सुटे भाग करतो. म्हणाला, "सर, आमच्या वह्या तपासायचात, आता हा प्रोग्राम तपासा."

"अरे, मी मराठीचा मास्तर!"

"म्हणूनच."

त्याने समजावले ते असे. सीएनसी मशीनला तेच तेच काम पुन्हा सांगायचे असेल तर ते एकदा लिहून त्याला क्रमांक देतात. हा मॅक्रो. त्याच्या फॅनुक कंट्रोलरवर 'जी ६५' लिहून तो बोलवायचा, पुढे अक्षरांनी मापे द्यायची. 'ए'चे माप #१ या खणात जाते, 'बी'चे #२ मध्ये, 'सी'चे #३ मध्ये. पण 'डी'चे एकदम #७ मध्ये! प्रोग्रामभर हे आकडेच. कोणता कशासाठी, याची एक ओळ नाही.

#१ ते #३३ हे खण ज्या त्या मॅक्रोचे स्वतःचे, काम संपले की पुसले जातात. #१०० पासूनचे सामाईक. याने खोलीचे माप #१०० मध्ये ठेवले होते. पुढे मोजणीचा प्रोब विकत घेतला, त्याच्यासोबत तयार मॅक्रो आले. तेही #१०० वापरत होते. एका रात्रपाळीला मोजणी झाली, माप बदलले आणि टूल फिक्स्चरवर आदळले. सुदैवाने कुणाला लागले नाही. पण ऑपरेटर पोराचा पगार कापला गेला.

असे मुके लिहिण्याची सवय आली कुठून? १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीने आकड्यांवर चालणारे मिलिंग मशीन दाखवले. तेव्हापासून कितीतरी वर्षे हे प्रोग्राम कागदाच्या पट्टीवर भोके पाडून लिहीत. पट्टी एक इंच रुंद, इंचाला १० अक्षरे. पुढे कंट्रोलरला स्मृती आली, तरी ती पट्टीच्या मीटरमध्येच सांगत : ४० मीटर, ८० मीटर. ८० मीटर म्हणजे साधारण ३१,५०० अक्षरे. त्यात टीप लिहिणे म्हणजे उधळपट्टीच. तारेत आपण 'कृपया' गाळायचो, तसेच.

तेव्हाची काटकसर शहाणपणाची होती. आता जागा भरपूर आहे, सवय मात्र राहिली. गंमत म्हणजे टिपेची सोय त्या भाषेतच आहे. गोल कंसात लिहिलेले मशीन वाचत नाही, ते फक्त माणसांसाठी. हिशोबाला चौकोनी कंस. म्हणजे गोल कंस रिकामे ठेवणारा मशीनशी बोलतो, पण पुढच्या पाळीच्या माणसाशी बोलत नाही.

मी लाल पेन मागितले. पहिल्या पानावर लिहिले : कोणत्या अक्षराने काय द्यायचे, कोणते सामाईक खण कुणाचे, हे आधी सांगा. मग विचारले, "प्रश्नच अर्धा छापला असेल, तर मार्क मुलाचे कापायचे का रे?"

तो गप्प झाला. आठवड्याने फोन आला. "सर, टिपा लिहिल्या. आणि त्या पोराचे पैसेही दिले."

तपासलेली वही परत आल्यावर व्हायचे तसेच समाधान झाले. असो.